सिडनीचा सामना होईपर्यंत

पेंडल हिल, सिडनी
९ नोव्हेंबर २०२१

चि. धम्मदीप,

जय भीम. आज सकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई मागच्या अंगणात काळा गॉगल लावून बसली होती आणि तू पोट धरून हसलास. "आई, एकदम ऑस्ट्रेलियन झालीस की!" म्हणालास. ती म्हणाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उन्हात डोळे झाकायला सांगितलेत. तुला ते लगेच पटलं. न पटायला काय झालं? आयुष्यभर नर्स होती ती. इतकं सराईतपणे बोलली की क्षणभर मलाही पटलं.

दीपू, ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही. तिचे डोळे पिवळे झालेत. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. ऑगस्टमध्ये कळलं. त्याआधी दोन महिने पोटात दुखतंय म्हणत होती, पण आमच्या भागात लॉकडाऊन इतका कडक होता की दवाखान्यात जाऊन कोविड घरी आणायचा नाही म्हणून ओवा चघळत राहिली. शेवटी प्रतीक्षाने तिला जबरदस्तीने गाडीत घातलं. तुझी बहीण फार्मसिस्ट आहे, पण रिपोर्ट तिच्या आधी आईनेच वाचला. वाचून नीट घडी घातली आणि मला म्हणाली, "अहो, दीपूला सांगायचं नाही."

तेव्हा तुझा काउंटी क्रिकेटचा मोसम ऐन भरात होता. आता तर तू इंग्लंडच्या टीमबरोबर इथे आलास, क्वीन्सलँडच्या हॉटेलात क्वारंटीनमध्ये आहेस. तिचं म्हणणं सरळ आहे. जानेवारीत टीम सिडनीला येणारच आहे, तो आपल्या पायाने दारात येईल, तोवर मी कुठे जात नाही. आत्ता सांगितलं तर तो सगळं टाकून धावत येईल, आणि एकदा टीमच्या बबलमधून बाहेर पडला की परत आत कोण घेणार? एवढ्या वर्षांची मेहनत माझ्या आजारपणात वाहून जायला नको. मला तिचं पटलं. खरं सांगायचं तर तिने म्हणायच्या आधीच माझ्या मनात तेच होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. सिडनीचा सामना झाला की तुझ्या हातात देईन. तोंडाने खोटं बोलायचं ठरलंय, तर निदान हाताने खरं लिहावं म्हणून बसलोय. तुझ्याशी बोलायची मला सवयही राहिलेली नाही. तुझं माझं बोलणं म्हणजे "बाबा, आईला द्या." त्यात तुझी चूक नाही. आम्ही प्रतीक्षाच्या मागोमाग सिडनीला येण्याआधी, लेस्टरला साइटस्क्रीनच्या बाजूला डबा घेऊन बसणारा आणि "दीपू, पुढचा पाय!" असं मराठीत ओरडणारा म्हातारा म्हणून मी तुझ्या टीममध्ये प्रसिद्ध होतो. ती गोरी पोरं तुला "पुडचा पाय" म्हणूनच हाक मारायला लागली. एक दिवस तू शांतपणे म्हणालास, "बाबा, यापुढे मॅचला येऊ नका." मी आलो नाही. राग आला होता, अजून थोडा आहे.

आई आत झोपलीय. बरी आहे म्हणण्यासारखं काही नाही.

तुझा,
बाबा


२५ नोव्हेंबर

चि. दीपू,

तू हॉटेलातून सुटलास आणि गोल्ड कोस्टच्या समुद्राचा फोटो पाठवलास. आईने तो मोठा करून करून बघितला. समुद्र नाही, तुझी पाठ. "वाकून उभा आहे का हो तो?" मला विचारत होती.

विमानाने दीड तासाच्या अंतरावर आहेस आणि मध्ये क्वीन्सलँडची बंद सीमा आहे. सिडनीकरांना तिकडे जायला बंदी, आणि तू इकडे आलास तर परतीची वाट बंद. प्रतीक्षा काल माझ्यावर खूप चिडली. किचनमध्ये दार लावून बोलली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. "बाबा, he's thirty-one. दहावीची परीक्षा देतोय का तो? त्याला ठरवू द्या ना, यायचं की खेळायचं."

मी म्हटलं, "ठरवायला काय द्यायचं? तो येणारच. म्हणून तर सांगायचं नाही."

"मग तुम्हाला कळतंय की त्याला काय हवं असेल. And you still won't tell him."

यावर मी आवाज चढवला. जमतं मला ते. तेवढ्यात आई भिंतीला धरून आली. प्रतीक्षाला म्हणाली, "तू सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." प्रतीक्षा म्हणाली, "ते तर बघणारच आहे ना, आई." आणि मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी चहाचं पाणी ठेवलं.

आपल्या लोकांत हे नवीन नाही. नागपूरला तुझी आई नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती तेव्हा तिचे वडील वारले, आणि शेवटचा पेपर होईपर्यंत तिला कुणी सांगितलं नाही. ती हॉस्टेलवरून पेढे घेऊन घरी आली. ही गोष्ट ती नेहमी सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बरं केलं, नाहीतर नापास झाले असते." म्हणजे आम्ही काही जगावेगळं करत नाही.

इथल्या विहारातल्या सगळ्यांना मी फोन केले. कुमार गजभिये ग्रुप चालवतो, त्याला बजावलं की प्रकृतीबद्दल एक अक्षर ग्रुपवर टाकायचं नाही. नागपूरला सांगितलं, लेस्टरच्या मंडळींना सांगितलं. कुणी वाद घातला नाही. उलट सगळे म्हणाले, बरोबर आहे, पोराचं करिअर आहे. इतकी माणसं इतक्या आनंदाने खोटं बोलायला तयार होतील असं वाटलं नव्हतं मला.

करिअर म्हणजे तरी काय, ते आम्हालाच माहीत. क्लबच्या नेटमध्ये तू पहिल्यांदा चेंडू टाकलास तेव्हा तुझा रन-अप इतका लांब होता की बाकीची पोरं जेवायला जाऊन येतो म्हणाली. विसाव्या वर्षी काउंटीच्या पहिल्या संघात आलास आणि पेपरवाल्यांनी रामटेकेचं रॅमटेक केलं. पुढच्याच मोसमात कंबरेच्या मणक्याला चीर गेली. तुझ्या डॉक्टरने मला समजावलं होतं की वेगवान गोलंदाजाच्या प्रत्येक चेंडूला सगळ्या अंगाचं ओझं पुढच्या पायावर आदळतं आणि कंबर पिळली जाते, हाड किती दिवस सोसणार. तू पाठीला पट्टा बांधून पडून राहिलास आणि आईने तुला लहान मुलासारख्या आंघोळी घातल्या. उभा राहिलास, पळायला लागलास, आणि परत तिथेच चीर. मग काउंटीने एका ईमेलवर करार संपवला. तू पार्सलची व्हॅन चालवायला लागलास. आई म्हणायची, त्याला काही बोलू नका. मी बोललोच. दुसऱ्या काउंटीने महिन्यामहिन्याच्या करारावर घेतलं, दुसऱ्या संघात पाणी पाजायला. मग कोविडचं साल, रिकामी मैदानं. आणि या उन्हाळ्यात, तुझ्या वयाचे गोलंदाज घरी बसतात तेव्हा, तू असा चेंडू टाकायला लागलास की काउंटीतले नावाजलेले फलंदाज मागे सरकायला लागले. इंग्लंडचे दोघे जण जायबंदी झाले आणि तुझा फोन आला. "आई, ऑस्ट्रेलिया!"

त्या दिवशी ती हॉस्पिटलातून नुकतीच घरी आली होती. फोन ठेवून मला म्हणाली, "बघितलंत? मी काही उगीच आंघोळी घातल्या नाहीत."

हे सगळं मी तिच्याकडून काढून घ्यायचं का? तूच सांग.

बाबा


१० डिसेंबर

चि. दीपू,

ब्रिस्बेनच्या सामन्यात तू नव्हतास. नाणेफेकीनंतर नावं वाचली तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठलो, तर आई म्हणाली राहू द्या. तिला सामन्याशी कधीच देणंघेणं नव्हतं. तुला आठवतं ना, प्रत्येक मॅचच्या आधी तुझा फोन यायचा आणि ती एकच सांगायची, पळताना पडू नकोस. इतकी वर्षं क्रिकेटपटूची आई आहे आणि तिला क्रिकेटमधलं एवढंच कळतं.

ड्रिंक्सच्या वेळी तू दिसलास. राखीव खेळाडूंचं जाकीट घातलेला, हातात बाटल्यांचा क्रेट, मैदानात पळत गेलास. ती उशीवर उठून बसली. "दीपू! अहो, दीपू!" तू कॅप्टनला पाणी दिलंस, कुणाचं तरी हेल्मेट घेतलंस, परत पळत आलास. सगळं मिळून मिनिटभर. नंतर ती दिवसभर ड्रिंक्सची वाट बघायची. आलेल्या नर्सला, म्हणजे घरी येऊन औषध देऊन जाते तिला, म्हणाली, "माय सन इज गिव्हिंग वॉटर टु ऑल." नर्सला वाटलं गुंगीत बोलतेय. मी समजावलं तर ती बाई म्हणाली, "Good on him, love."

संध्याकाळी तू फोन केलास. आईचा आवाज आता फार बारीक झालाय, म्हणून मी सांगितलं तिचा घसा बसलाय. तू म्हणालास, "बाबा, ॲडलेडला चान्स आहे. बोलिंग कोच म्हणाला." मी विचारलं, नक्की? तू म्हणालास, "हो, चान्स आहे. आईला सांगा." आणि घाईघाईने फोन ठेवलास.

मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. गेले काही दिवस ती जेवत नाही, पेजेचं पाणी तेवढं घेते. पाय सुजलेत.

बाबा


१५ डिसेंबर

चि. दीपू,

परवा सीमा उघडली. आता कुणीही कुठेही जा. प्रतीक्षा कामावरून थेट इकडे आली, फार्मसीचा कोट न काढता म्हणाली, "बाबा, आता काही कारण उरलं नाही. तो ॲडलेडला आहे. दोन तासांची फ्लाइट. आज फोन करा."

मी म्हटलं, उद्या मॅच आहे. तो खेळणार आहे.

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला."

"चान्स आहे म्हणाला."

चान्स म्हणजे काय ते तिला काय कळणार? तुझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट झाली नव्हती आणि ती उद्या होणार असेल, तर मी आज फोन करू? एक मॅच. एक मॅच खेळलास की कायमचा इंग्लंडचा गोलंदाज झालास, मग ते कुणालाही ईमेलवर काढून घेता येणार नाही. मी तिला हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. ती ऐकून घेऊन आईजवळ जाऊन बसली.

जाताना नर्सने मला बाहेर बोलावलं. माझं पूर्ण नाव तिच्या तोंडी बसत नाही, मला ती सुख म्हणते. "Sukh, mate, if there's anyone she'd want to see, I wouldn't leave it till the weekend." मी थँक यू म्हणालो. नो वरीज, म्हणाली आणि गाडीत बसून निघून गेली.

मग मी उगीचच स्टेशनकडे चालत गेलो. आपल्या दुकानातून भेंडी घेतली. तुला आवडते म्हणून, आणि जानेवारीला अजून किती अवकाश आहे हे लक्षात आल्यावर मी पिशवी घेऊन रस्त्यातच उभा राहिलो.

बाबा


१७ डिसेंबर

दीपू,

तू आजही खेळत नाहीस. काल नावं वाचली.

दुपारी टीव्ही चालू होता. इंग्लंडची बोलिंग होती. प्रतीक्षा औषध आणायला गेली होती. आईने डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाली, "दीपूला बोलवा."

मी म्हटलं, काय म्हणालीस? ऐकू आलं होतं मला.

"दीपूला बोलवा. माझे बाबा गेले तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. मी पेढे घेऊन गेले हो. दारात सगळे माझ्या हातातल्या पेढ्यांकडे बघत होते."

मी म्हटलं, "तू तर म्हणायचीस बरं केलं."

"काय म्हणणार होते? बोलवा त्याला."

दीपू, फोन माझ्या खिशात होता. मी तिला म्हणालो, "अगं, तो खेळतोय. आज घेतलं त्याला. तो बघ." टीव्हीवर कुणीतरी उंच माणूस पांढऱ्या कपड्यांत पळत येत होता. तिला आता धड दिसत नाही. ती बघत राहिली. त्याने चेंडू टाकला, परत मागे गेला, परत पळत आला. तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि मला वाटलं सुटलो.

मग म्हणाली, "पडेल तो. संपलं की बोलवा."

मी हो म्हटलं. तिने परत डोळे मिटले. मी फोन बाहेर काढला, तुझं नाव काढलं, आणि विचार केला की सामना संपला की करू. आता तू काही खेळत नव्हतास, मग कशाची वाट बघत होतो मी? मला खरंच सांगता येत नाही. चार महिने एक गोष्ट धरून ठेवली की मूठ आपोआप सुटत नाही. तुला काय सांगायचं, चार महिने कुठे होतो, हेही मनात आलं. भीती वाटली तुझी. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे.

प्रतीक्षा आली. मी तिला यातलं काही सांगितलं नाही.


२४ डिसेंबर

चि. दीपू,

आई रविवारी सकाळी गेली. शेवटचा दीड दिवस ती बोलली नाही.

काल अंत्यविधी केला. त्रिशरण पंचशील प्रतीक्षाने म्हटलं, तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. ओमिक्रॉनमुळे लोक आधीच घाबरलेत, सगळे मास्क लावून लांबलांब बसले होते, पांढऱ्या कपड्यांत. नागपूरची आणि लेस्टरची माणसं स्क्रीनवर होती. सगळ्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. कुमारने आईचा फोटो आणि भावपूर्ण आदरांजली असं करून ठेवलं होतं, मी म्हटलं अजून टाकू नकोस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा म्हणाला, "काका, आता तरी." मी म्हटलं बॉक्सिंग डेची मॅच होऊ दे. मेलबर्नला त्याला नक्की घेतील.

घरी आल्यावर प्रतीक्षाने मला विचारलं, तुम्ही सांगणार की मी सांगू? मी हात जोडले. माझ्या मुलीपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. ती म्हणाली, "ठीक आहे. मी नाही सांगणार. पण मी तुम्हाला यातून सोडवणारही नाही, बाबा. तुम्हीच सांगायचं, त्याच्या तोंडावर." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण आणून ठेवते.

आज संध्याकाळी तुझा फोन आला. "मेरी ख्रिसमस, बाबा. आईला द्या." मी म्हटलं, झोपलीय. तू म्हणालास, "सारखी काय झोपते ती?" मी म्हटलं, उन्हाळा आहे रे. तू म्हणालास, बरं, उद्या करतो.


२८ डिसेंबर

मेलबर्नलाही तुला घेतलं नाही.

तू रोज फोन करतोस आणि मी रोज काहीतरी सांगतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, विहारात गेलीय, प्रतीक्षाकडे राहायला गेलीय, तिथे कोविडचा पेशंट निघाला म्हणून घरात अडकलीय. काल तू आईसाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवलास. "आई, तू फोन का उचलत नाहीस गं? रागावलीस का? मी खेळत नाही म्हणून?" मी तो तिच्या फोनवर ऐकला. मग तिच्या फोनवरून तुला उत्तर लिहिलं, नाही रे राजा. ती तुला राजा म्हणायची का? मला आठवेना. तू लगेच बदाम पाठवलास.

मी इतका खाली घसरेन असं मला वाटलं नव्हतं. आरशात बघून दाढी करवत नाही. तू येशील त्या दिवसाची मी तीन महिने वाट बघितली आणि आता तो दिवस येऊच नये असं वाटतं.


२ जानेवारी २०२२

दीपू,

काल तू आलास.

टीम सिडनीत उतरली आणि तू तसाच टॅक्सी करून आलास, न कळवता. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तुला. मी दार उघडलं तर तू माझ्या अंगावरून आत बघत म्हणालास, "आई, भूक लागलीय, काय केलंस?" आणि बूट काढायला वाकलास. मी तिथेच सांगायला हवं होतं. तू बूट काढून आत गेलास. टीव्हीशेजारी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचा फोटो आहे, त्याला पांढऱ्या फुलांचा हार आहे.

तू जमिनीवर बसलास, पाठ भिंतीला टेकवून. प्रतीक्षा वरून खाली आली. मला यातून सोडवणार नाही म्हणाली होती ती, पण माझी अवस्था बघून तिनेच सगळं सांगितलं, ऑगस्टपासून. तिने कुणालाच पाठीशी घातलं नाही, स्वतःलाही नाही. मी वाट बघत होतो की तू ओरडशील, काहीतरी फेकशील. माझ्या अंगावर आला असतास तरी चाललं असतं.

तू हसलास. कसलं तरीच हसू ते. मग म्हणालास, "बाबा, मला खेळवणारच नव्हते."

मी म्हटलं, म्हणजे?

"क्वारंटीनमधून सुटलो त्याच आठवड्यात सांगितलं होतं. You're here for the nets, Deeps. बॅट्समनना प्रॅक्टिस द्यायची, ड्रिंक्स न्यायची. माझी पाठ स्कॅनमध्ये परत खराब दिसली. एका मॅचचं ओझं नाही सोसणार. करिअर संपलं, बाबा. मला नोव्हेंबरमध्येच माहीत होतं."

"मग चान्स आहे म्हणालास..."

"आईसाठी. तिने सगळ्यांना सांगितलं असेल ना, दीपू इंग्लंडकडून खेळणार. मी काय सांगू तिला, मी पाणी द्यायला आलोय?"

ती नर्सला अभिमानाने तेच सांगत होती, हे मी तुला सांगू शकलो नाही.

मग तू सगळ्यात वाईट ते सांगितलंस, आणि तुला ते वाईट आहे हे कळतही नव्हतं, तू आपला जमिनीकडे बघून बोलत होतास. सीमा उघडली त्या दिवशी मॅनेजर तुझ्याकडे आला होता. तुझे आईवडील सिडनीत आहेत ना, म्हणाला. "Go home till the New Year, mate. No dramas, we don't need you." आणि तू नको म्हणालास. मॅच सोडून घरी आलास तर आईला कळेल की तुला घेणारच नाहीत, म्हणून तू ॲडलेडला जाऊन बाटल्या उचलल्यास. त्या दिवशी तू विमानात बसला असतास तर तिचे डोळे उघडे होते, दीपू. ती बोलत होती.

आपण सगळ्यांनी मिळून हे केलं. तिने, मी आणि तू. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून. मी भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं होतं.

मग तू वर बघितलंस आणि मला, मला विचारलंस. प्रतीक्षाला नाही. "बाबा, खरं सांगा. शेवटी तिने मला बोलावलं होतं का? दीपूला बोलवा, असं म्हणाली का ती?"

तुझा चेहरा कसा झाला होता, तुला माहीत नाही. एकतिसाव्या वर्षी तू पाठीला पट्टा बांधलेल्या त्या पोराएवढा दिसत होतास. मला कळलं की हो म्हटलं तर हा माणूस इथून उठणार नाही.

मी म्हटलं, "नाही. शेवटपर्यंत म्हणत होती, त्याला खेळू दे."

"नक्की?"

"नक्की."

प्रतीक्षाने माझ्याकडे बघितलं. त्या दुपारी ती घरात नव्हती, मी तिला कधी सांगितलंही नव्हतं. पण तिने शेवटचे दिवस आईच्या उशाशी काढलेत आणि ती मला ओळखते. ती वळून आत गेली आणि तुझ्यासाठी भात लावला.

तू डोळे पुसलेस. "मग ठीक आहे," म्हणालास. "मग ठीक आहे, बाबा. तिला तसंच हवं होतं." आणि इतक्या वर्षांनी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. मला ते नको होतं आणि मी हललोही नाही. नंतर तू भात खाल्लास, आईच्या पलंगावर जाऊन आडवा झालास आणि काल दुपारपासून झोपलायस. टीमचा फोन येऊन गेला. प्रतीक्षाने त्यांना सांगितलं, येणार नाही तो.

ही पत्रं सिडनीचा सामना झाला की तुझ्या हातात द्यायची होती. ती आता देता येणारच नाहीत, असंही नाही. सतरा तारखेचं वाचलंस तर तू पुन्हा कधी असा झोपणार नाहीस. न वाचलंस तर ज्या माणसाने तुला आईपाशी येऊ दिलं नाही, त्याच्याच खांद्यावर तू डोकं ठेवत राहशील. कुठलंही केलं तरी माझ्या वाट्याला सुटका नाही आणि ते ठीकच आहे.

आत हालचाल ऐकू येतेय. तू उठलायस बहुतेक. चहा मागशील. मी चहा करीन, समोर बसेन, आणि परत विचारलंस तर परत नाही म्हणेन.

बाबा